रेसिडेन्सी न करता अमेरिकेत डॉक्टरकी: तात्पुरत्या परवान्याचे नवे कायदे नेमके काय देतात?

रानजाई

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहे. एमबीबीएस आणि एमडी या दोन्ही पदव्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, त्यानंतर एका खासगी रुग्णालयात पूर्णवेळ नोकरी आणि संध्याकाळी स्वतःची ओपीडी, असा तिचा चांगला जम बसलेला आहे. तिच्या यजमानांची कंपनी त्यांना एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला पाठवणार असून पुढच्या उन्हाळ्यात सगळे कुटुंब तिकडे जाईल.

तिच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर ‘टेनेसीत आता रेसिडेन्सीची गरज उरली नाही’ असा एका ओळीचा संदेश फिरतो आहे (रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतर तिथल्या रुग्णालयात काही वर्षे करायचे प्रशिक्षण) आणि त्या ओळीच्या भरवशावर घरात बेत रचले जात आहेत. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण एवढ्या मोठ्या निर्णयाला एक ओळ पुरत नाही इतके मला कळते. टेनेसीचा तात्पुरत्या परवान्याचा नवा कायदा खरोखर काय देतो, त्यातून बालरोगतज्ज्ञ म्हणून काम मिळते का, आणि निघण्यापूर्वीच्या महिन्यांत तिने काय उरकून घ्यावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

मेंफिसकर

रानजाई, मी याच राज्यात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करून स्थिरावलेला डॉक्टर आहे आणि आमच्या रुग्णालयाच्या क्रेडेन्शियलिंग समितीवर काम करतो, म्हणजे नव्या डॉक्टरांची कागदपत्रे तपासून त्यांना रुग्णालयात कोणकोणती कामे करू द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळींपैकी एक. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी जुनी वाट कशी होती ते पाहू, म्हणजे नव्यात नवे काय ते कळेल. भारतातून आलेल्या डॉक्टरला यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेची स्टेप वन आणि स्टेप टू उत्तीर्ण व्हावी लागते, इंग्रजी संभाषणासाठी ओईटी द्यावी लागते, पदवीची पडताळणी होऊन ईसीएफएमजी या परदेशी वैद्यकीय पदवीधरांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळते, आणि मग सप्टेंबरात अर्ज करून मार्चमध्ये मॅचच्या (उमेदवार आणि रेसिडेन्सीच्या जागा जुळवणाऱ्या देशव्यापी पद्धतीच्या) निकालाची वाट पाहायची. मॅच झाली तर जुलैपासून रेसिडेन्सी. बालरोग, इंटर्नल मेडिसिन व फॅमिली मेडिसिनसाठी ती तीन वर्षांची आहे, जनरल सर्जरीसाठी पाच. भारतात विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस असो वा काल इंटर्नशिप संपवलेला मुलगा, रांग एकच. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी गेल्या काही वर्षांत सुमारे ५८ टक्के उमेदवारांना मॅच मिळाली. बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात किंवा नाद सोडतात. जागा वाढत नाहीत याचे एक कारण जुने आहे: मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या पैशांतून चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या जागांवर १९९७ च्या एका अर्थसंकल्पीय कायद्याने मर्यादा घातली आणि ती थोडीफार सैल झाली असली तरी उठलेली नाही. दुसरीकडे, वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ मध्ये असा अंदाज वर्तवला की २०३६ पर्यंत देशात ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडू शकतील.

या कोंडीतून टेनेसीने २०२३ मध्ये कायदा केला आणि रेसिडेन्सी परदेशात झालेल्या डॉक्टरांना तात्पुरता परवाना देण्याची वाट मोकळी करणारे ते पहिले राज्य ठरले. गाभा असा: उमेदवाराकडे मायदेशाचा वैध परवाना असावा, तिथले तीन वर्षांचे पदव्युत्तर प्रशिक्षण किंवा अलीकडच्या वर्षांतील प्रत्यक्ष वैद्यकीय कामाचा पुरावा असावा, ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र व दोन्ही स्टेप्स असाव्यात, आणि राज्यातल्या अशा संस्थेकडून नोकरीचा देकार असावा जिथे मान्यताप्राप्त रेसिडेन्सी कार्यक्रम चालतो. तात्पुरत्या परवान्यावर दोन वर्षे निर्वेध काढल्यावर पूर्ण परवान्याचा मार्ग खुला होतो. २०२४ मध्ये या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, म्हणून २०२३ च्या उत्साही बातम्यांवर विसंबू नका. राज्याच्या वैद्यकीय मंडळाने प्रसिद्ध केलेले आजचे नियम वाचा.

आता तुमच्या व्हॉट्सॲप संदेशाकडे येतो. रेसिडेन्सी टळते हे खरे, पण परीक्षा एकही टळत नाही. आणि क्रम उलटा आहे हे लक्षात घ्या. इतर डॉक्टर आधी परवाना घेतात आणि मग नोकरी शोधतात. इथे नोकरीचा देकार हातात असल्याशिवाय परवान्याचा अर्जच पुढे सरकत नाही. राज्याने आपल्या दाराची कडी काढली, पण आत घ्यायचे की नाही हे आता रुग्णालय ठरवणार.

जाता जाता एक गंमत नोंदवतो. कायदा मांडताना भाषणे झाली ती खेड्यापाड्यांतल्या टंचाईची. पण रेसिडेन्सी कार्यक्रम असलेल्या संस्था बहुतेक नॅशव्हिल, मेंफिस, नॉक्सव्हिल, चॅटानूगा अशा शहरांत आहेत. जिथे डॉक्टर खरोखर मिळत नाही त्या तालुकावजा गावातल्या छोट्या रुग्णालयाला या कायद्याने डॉक्टर घेताच येत नाही.

केतकी_म

मेंफिसकरांनी कायदा नीट मांडला आहे. मी त्याची दुसरी बाजू सांगते, कारण मी तीच जगते आहे. मी पुण्याची एमडी ॲनेस्थेशिया, लग्नानंतर एच-४ वर (एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आले. ग्रीन कार्डच्या अर्जाचा टप्पा गाठेपर्यंत कामाची परवानगी नव्हती. २०१५ पासून एच-४ वाल्यांना ती काही अटींवर मिळते. तोवर मुले झाली, स्टेप्स मागे पडल्या, नंतर दिल्या, दोन्ही उत्तीर्ण झाले. आज मी एका संशोधन प्रकल्पाची समन्वयक आहे. रुग्णाला हात लावत नाही, फॉर्म भरून घेते.

टेनेसीच्या आणि नंतर इतर राज्यांच्या अशा कायद्यांची बातमी आली तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ जणींना वाटले की हे आपल्यासाठीच आहे. अटी वाचल्यावर कळले की आम्हालाच नेमके वगळले आहे. जवळपास प्रत्येक राज्याने ‘गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष प्रॅक्टिस’ अशी अट घातली आहे. फ्लोरिडाच्या २०२४ च्या कायद्यात अर्जाआधीच्या चार वर्षांत सक्रिय प्रॅक्टिस हवी. विस्कॉन्सिनमध्ये गेल्या पाच वर्षांत किमान एक वर्ष. परवाना नाही म्हणून प्रॅक्टिस नाही, आणि प्रॅक्टिस नाही म्हणून परवाना नाही. जी बाई दहा वर्षे या देशात राहते, इथली भाषा, इथली विमापद्धती, इथले रुग्ण जाणते, तिच्यापेक्षा काल विमानातून उतरलेली डॉक्टर या कायद्यांच्या दृष्टीने अधिक पात्र आहे. रुग्णसुरक्षेच्या बाजूने पाहिले तर ही अट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. भूल देणाऱ्या माणसाचा हात चालता असायलाच हवा. पण खंड पडलेल्यांना सहा महिने देखरेखीखाली काम करून हात पुन्हा बसवण्याची काही सोय कुणी का केली नाही, हा प्रश्न मला पडतो.

रानजाई, तुमच्या बहिणीला एवढेच सांगेन: नाशिकची नोकरी शेवटच्या महिन्यापर्यंत सोडायला सांगू नका. घर आवरायला, मुलाच्या शाळेला वेळ हवा म्हणून सहा-आठ महिने आधी राजीनामा देणे आपल्याकडे फार सहज होते. इथे तोच काळ मोजला जातो.

अनुष्टुभ

थोडा विरोधी सूर लावतो. ज्या परवान्याचे अस्तित्व एका मालकाच्या नोकरीवर टांगलेले आहे, त्या परवान्यावर काम करणारा डॉक्टर पगार, कामाचे तास, रात्रपाळ्या, रुग्णसंख्या यांपैकी कशावरही घासाघीस करू शकतो का? फ्लोरिडात परवाना मिळाल्यावर दोन वर्षे सलग नोकरी टिकवावी लागते. व्हर्जिनियात पहिली दोन वर्षे तात्पुरता परवाना, आणि त्यानंतर दोन वर्षे टंचाई असलेल्या भागात किंवा विषयात मर्यादित परवान्यावर काम, मग पूर्ण परवाना. विस्कॉन्सिनमध्ये देखरेखीखाली तीन वर्षे. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये जो कायदा केला त्यातही आधी मार्गदर्शकाच्या हाताखाली मर्यादित परवाना आणि मग टंचाईच्या भागात किमान दोन वर्षे. आपल्याकडच्या ग्रामीण सेवेच्या बाँडची आठवण येते, फरक इतकाच की आपला बाँड सरकारशी असतो आणि दंड भरून त्यातून सुटता येत असे. इथे मालकाने हात वर केले तर परवाना गेला, आणि व्हिसाही त्याच मालकाचा असेल तर देश सोडण्याची पाळी.

रेसिडेन्टलासुद्धा राबवून घेतात हे मान्य. पण त्याच्या कामाच्या तासांवर आठवड्याला ८० ची मर्यादा आहे, त्याच्यामागे मान्यता देणारी संस्था आहे, आणि तीन वर्षांनंतर हातात देशभर चालणारे काहीतरी पडते. तात्पुरत्या परवानाधारकाच्या मागे कोण आहे?

मेंफिसकर

अनुष्टुभ, तुमचा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि व्हॉट्सॲपच्या संदेशात नेमका तोच नसतो.

परवाना आणि बोर्ड सर्टिफिकेशन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परवाना राज्य देते. ‘ही व्यक्ती बालरोगतज्ज्ञ आहे’ हे त्या विषयाचे अमेरिकन बोर्ड सांगते, आणि या बोर्डांच्या परीक्षेला बसण्यासाठी सर्वसाधारणपणे इथली किंवा कॅनडातली मान्यताप्राप्त रेसिडेन्सीच लागते. रेडिओलॉजीसारख्या एखाद्या बोर्डाने परदेशात शिकलेल्यांसाठी पर्यायी वाट फार पूर्वीपासून ठेवली आहे, पण तो अपवाद. म्हणजे नव्या कायद्याने टेनेसीचा पूर्ण परवाना मिळाला तरी तुमच्या भगिनी बोर्ड सर्टिफाइड नसतील, आणि पुढे होतील याची खात्रीही कुणी देऊ शकत नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? आमच्या समितीपुढे अर्ज येतो तेव्हा पहिल्या पानावरच बोर्ड सर्टिफिकेशनचा रकाना असतो. तो रिकामा असेल तर पुढचा प्रश्न, बोर्ड एलिजिबल (म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला बसण्यास पात्र) आहे का. तेही नसेल तर पुष्कळ रुग्णालयांच्या उपविधींप्रमाणे अर्ज तिथेच थांबतो, आणि तो पुढे न्यायचा तर कार्यकारी समितीला अपवाद करावा लागतो. आरोग्य विमा कंपन्या आपल्या यादीत डॉक्टर घेताना हीच विचारणा करतात. यादीत नाव नसेल तर त्या डॉक्टरने तपासलेल्या रुग्णाचे बिल अडकते. ज्याचे बिल निघत नाही त्या डॉक्टरला नोकरी कोण आणि का देईल? कायदा करणाऱ्यांनी राज्याच्या अखत्यारीतली अडचण दूर केली. विमा कंपन्या, बोर्डे आणि रुग्णालयांचे उपविधी राज्याच्या अखत्यारीत नाहीत.

दुसरे, हा परवाना राज्याची सीमा ओलांडत नाही. अनेक राज्यांत चटकन परवाना मिळवून देणारा जो आंतरराज्य करार आहे, त्यात मान्यताप्राप्त रेसिडेन्सी आणि बोर्ड सर्टिफिकेशन या दोन्ही अटी आहेत. उद्या यजमानांची बदली कॅलिफोर्नियाला झाली तर टेनेसीचा परवाना तिथे दाखवून काहीही पदरात पडणार नाही.

माझे मत विचाराल तर, वय आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर त्यांनी रेसिडेन्सीचाच अर्ज करावा. विषय बालरोग आहे ही त्यांची जमेची बाजू आहे. अमेरिकी पदवीधरांचा ओढा या विषयाकडे कमी झाला आहे. २०२४ च्या मॅचमध्ये बालरोगाच्या अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या होत्या. हाच प्रश्न एखाद्या ५० वर्षांच्या निष्णात सर्जनने विचारला असता तर मी वेगळे उत्तर दिले असते, कारण त्याला पुन्हा पाच वर्षे रेसिडेन्ट व्हायला सांगणे हा विनोद आहे.

खानदेशी

मी जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. चर्चा अमेरिकेची आहे हे मान्य, पण दोन गोष्टी इथल्या जमिनीवरून सांगाव्याशा वाटतात.

पहिली, परदेशी प्रशिक्षणावरचा अविश्वास ही अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्याकडे रशिया, चीन, फिलिपिन्स, किर्गिझस्तानातून एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन आलेल्या मुलांना एफएमजीई ही ३०० गुणांची परीक्षा देऊन १५० गुण मिळवावे लागतात, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग वर्षभराची इंटर्नशिप, आणि त्यानंतर कायम नोंदणी. बहुतेक सत्रांत निम्म्याहून कितीतरी अधिक मुले नापास होतात. युक्रेन युद्ध आणि कोविडमुळे ज्यांचे शिक्षण ऑनलाइन झाले, त्यांना तर इंटर्नशिपच्या कालावधीवरून नियम बदलत गेल्याने मधल्या मध्ये लटकावे लागले. उलट, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथे प्रॅक्टिसचा हक्क मिळवलेल्या भारतीय डॉक्टरला आपण ही परीक्षा माफ करतो. त्यांची रेसिडेन्सी आपल्याला चालते, आपली त्यांना चालत नाही. या नव्या कायद्यांनी निदान कागदावर तरी आपल्या एमडीला पहिल्यांदा काही किंमत दिली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. जुन्या पद्धतीत अमेरिका इंटर्नशिप संपवलेली पोरे नेत असे. नव्या पद्धतीत ती एमडी झालेला, तीन-पाच वर्षे हात बसलेला, म्हणजे आपण पूर्ण तयार केलेला तज्ज्ञ नेणार. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी २०१० मध्ये आचारसंहिता केली आणि २०२३ मध्ये भरतीपासून जपावयाच्या ५५ देशांची यादी काढली. भारत त्या यादीत नाही. आमच्या तालुक्यात नवजात अर्भक अत्यवस्थ झाले की अजूनही गाडी जळगावच्या नाहीतर नाशिकच्या दिशेने काढावी लागते. रानजाई, तुमच्या बहिणीने जाऊ नये असे मी म्हणत नाही. संसार ज्याचा त्याला कळतो. फक्त हिशेबाच्या या बाजूलाही एक आकडा मांडलेला असावा.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला सगळा धागा वाचायला दिला. तिचे दोन प्रश्न आहेत. एल-२ वर (एल-१ धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) असताना तिला नोकरी किंवा रेसिडेन्सी करता येते का, की वेगळा व्हिसा लागतो? आणि कागदपत्रांत काय काय अडते? तिची एमबीबीएसची पदवी माहेरच्या नावाची आहे, एमडीची सासरच्या नावाची.

पैलतीर

मी कायद्याची वकील नाही, पण ईसीएफएमजीची फाइल पूर्ण करून रेसिडेन्सीला लागलेली आहे, तेव्हा अनुभवाच्या मर्यादेत लिहिते.

व्हिसाच्या बाबतीत तुमची बहीण नशीबवान आहे. २०२१ च्या अखेरीपासून एल-१ धारकाच्या जोडीदाराला वेगळे परवानापत्र न काढता काम करता येते. देशात प्रवेश करताना आय-९४ या प्रवेशनोंदीवर एल-२एस अशी नोंद झाली आहे का ते विमानतळावरून बाहेर पडल्या पडल्या तपासावे. त्या नोंदीवर नोकरीही करता येते आणि रेसिडेन्सीही. त्यामुळे जे-१ हा प्रशिक्षणार्थींचा व्हिसा घेऊन नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट मागे लावून घ्यावी लागत नाही, आणि रुग्णालयाला एच-१बीचा खटाटोप करावा लागत नाही. हा मोठा फायदा आहे, कारण डॉक्टरसाठी एच-१बी हवा तर यूएसएमएलईची शेवटची परीक्षा स्टेप थ्रीसुद्धा लागते आणि ती फक्त अमेरिकेत देता येते. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले आहे. भारतात बसून तात्पुरत्या परवान्याच्या नोकरीची आशा करणाऱ्यांच्या वाटेत हा केवढा धोंडा आहे ते वेगळे सांगायला नको. मात्र एल-१ ला पाच किंवा सात वर्षांची कमाल मर्यादा आहे आणि यजमानांची नोकरी गेली तर एल-२ ही जातो. रेसिडेन्सीच्या मध्यावर असे झाले तर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा.

आता कागदपत्रे. ईसीएफएमजीच्या नोंदीतले नाव पासपोर्टशी जुळावे लागते आणि पदवीवर वेगळे नाव असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा अधिकृत पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडच्या बायकांच्या नावात लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आणि कधी कधी सासरी पाळण्यातले नावही बदलून टाकतात. त्यामुळे एमबीबीएस, एमडी, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट या चार कागदांवर चार रूपे असू शकतात. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही हाताशी ठेवा. राजपत्राची नोंद केली नसेल तर भारतात असतानाच करून टाका.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ती लटकलेली असेल तर गुड स्टँडिंगचा (नोंदणी वैध असून कारवाई नसल्याचा) दाखला मिळत नाही, आणि त्या दाखल्याशिवाय कुठलेही राज्य अर्जाकडे पाहणार नाही. नूतनीकरणाची तारीख आजच बघायला सांगा.

प्रॅक्टिसच्या पुराव्याचेही तसेच. रुग्णालयातल्या नोकरीचे पत्र, पगारपत्रके, कामाचे स्वरूप सांगणारे विभागप्रमुखांचे पत्र हे सहज मिळते. स्वतःच्या ओपीडीचे मात्र प्राप्तिकर विवरणपत्राखेरीज काहीच कागदावर नसते. एमडीच्या तीन वर्षांतले लॉगबुक असेल तर जपून ठेवा. ‘प्रशिक्षण अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या तोडीचे आहे’ हे दाखवण्याची वेळ आली, तर नवजात अतिदक्षता विभागात किती महिने, बाह्यरुग्ण विभागात किती महिने, कोणत्या प्रक्रिया स्वतः केल्या, हे त्यातूनच मांडता येते. महाविद्यालयातून नंतर हे मिळवायला गेल्यास काय अनुभव येतो हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. आणि हे सगळे एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी झालेल्यांसाठी. दोन वर्षांची पदविका करून बालरोगाची प्रॅक्टिस करणाऱ्यांना तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची अट पदविकेवर पूर्ण करता येणार नाही.

स्टेप वन आणि स्टेप टू भारतातल्या केंद्रांवर देता येतात. निघण्यापूर्वी निदान पहिली तरी उरकता आली तर पाहावे. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण नसतात, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. त्यामुळे रेसिडेन्सीसाठी सगळा भार स्टेप टूच्या गुणांवर आला आहे.

ओंटारियोवासी

तुलनेसाठी कॅनडाची थोडी माहिती. इथल्या अनेक प्रांतांत परदेशी प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरला आधी साधारण बारा आठवडे प्रत्यक्ष रुग्णांवर काम करताना एका अनुभवी डॉक्टरकडून पारखले जाते आणि मग ठरावीक भागात काही वर्षे सेवा देण्याच्या अटीवर मर्यादित परवाना मिळतो. कागद पाहून विश्वास ठेवण्यापेक्षा काम पाहून ठेवलेला विश्वास बरा, असे मला वाटते. जागा मात्र फार थोड्या असतात आणि भर मुख्यतः फॅमिली मेडिसिनवर असतो.

मेंफिसकर

ओंटारियोवासी यांनी सांगितलेली पारख इथल्या पहिल्या कायद्यांत जवळपास नव्हतीच. देखरेख म्हणजे काय, कोणी करायची, महिन्यातून किती केसपेपर तपासायचे, दोन वर्षांनी ‘योग्य’ कोणत्या कसोटीवर म्हणायचे, यावर कायदे मोघम होते. राज्य वैद्यकीय मंडळांचा महासंघ, रेसिडेन्सीला मान्यता देणारी परिषद आणि ईसीएफएमजीची पालकसंस्था यांनी मिळून एक सल्लागार आयोग नेमला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याच्या शिफारशी आल्या. परीक्षा व प्रमाणपत्र, परदेशातले औपचारिक पदव्युत्तर प्रशिक्षण, काही वर्षांची प्रॅक्टिस, खंडाची मर्यादा, लेखी देकार, आणि तात्पुरत्या काळात देखरेखीबरोबर मूल्यमापन, असा त्यांचा रोख आहे. २०२५ मध्ये टेक्सासनेही अशा परवान्याचा कायदा केला. राज्ये वाढत आहेत, आणि पुरेशी वाढली तर बोर्डांनाही आपल्या अटींचा फेरविचार करावा लागेल, असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर कुणी घरदार हलवू नये.

केतकी, तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. खंड पडलेल्यांसाठी सध्या तरी रेसिडेन्सी हीच वाट अधिक मोकळी आहे, कारण तिथे खंडाबद्दल विचारतात, नाके मुरडतात, पण कायद्याने दार बंद नसते.

केतकी_म

तेच करते आहे. यंदा सप्टेंबरात अर्ज टाकला आहे. एका मोठ्या रुग्णालयाने आधी तात्पुरत्या परवान्यावर घेण्याची तयारी दाखवली होती, बोलणी पुढे गेली, आणि मग त्यांच्या मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यांच्या) विमा कंपनीने ‘इथली रेसिडेन्सी नाही’ म्हणून हप्त्याचा असा आकडा सांगितला की रुग्णालयाने पुन्हा फोन केला नाही. विम्याचा मुद्दा वर कुणी मांडला नव्हता म्हणून लिहिले.

रानजाई

बहिणीने ठरवले आहे की स्टेप वन नाशिकहून मुंबईला जाऊन द्यायची, नोकरी निघेपर्यंत सोडायची नाही, आणि नॅशव्हिलला गेल्यावर स्टेप टू देऊन रेसिडेन्सीचा अर्ज करायचा. मॅच नाही झाली तर त्याच कागदपत्रांवर तात्पुरत्या परवान्याची नोकरी शोधायची. मेंफिसकर, तशी वेळ आलीच तर करारात काय पाहायला हवे?

मेंफिसकर

चार गोष्टी लेखी घ्यायला सांगा. मालप्रॅक्टिस विम्याचा हप्ता कोण भरणार, आणि नोकरी सोडल्यानंतर जुन्या रुग्णांच्या दाव्यांसाठी लागणारे टेल कव्हर कोणाच्या खर्चाने. देखरेख करणाऱ्या डॉक्टरचे नाव, आणि तो मध्येच सोडून गेला तर पर्यायी व्यवस्था. बोर्ड सर्टिफिकेशनची अट उपविधींत असल्यास तिला दिलेला अपवाद किती वर्षांचा आहे. आणि रुग्णालयाने स्वतःहून नोकरी संपवली तर किती दिवसांची नोटीस, कारण त्या नोटिशीच्या काळातच त्यांना अट पूर्ण करणारी दुसरी संस्था शोधावी लागेल. सही करण्याआधी करार वैद्यकीय नोकऱ्यांचे करार पाहणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावा. व्हिसाचा वकील वेगळा आणि हा वेगळा.